योहान, क्रूसित ख्रिस्त आणि रडणारी माता

वाकोल्याच्या कोणत्याही ख्रिस्ती घरात जावे, मग ते गावठाणातल्या ईस्ट इंडियन कुटुंबाचे असो, गोव्याहून वा मंगळूरहून आलेल्यांचे असो, की वसईकडून येऊन स्थायिक झालेल्यांचे असो, भिंतीवरच्या अल्तारात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर हमखास दिसते. तिच्यातला चेहरा गोरा, केस तपकिरी, नजर मृदू. या प्रतिमेचे मूळ पॉम्पेओ बातोनी या इटालियन चित्रकाराने १७६७ साली रंगवलेल्या आणि रोमच्या जेझू चर्चमध्ये असलेल्या चित्रात आहे. पुढे छपाईच्या यंत्राने तिच्या असंख्य आवृत्त्या जगभर पोहोचवल्या. या तसबिरीपुढे आपल्या आजी-आजोबांनी गुडघे टेकले, आजारपणात आणि परीक्षेच्या दिवसांत आपणही टेकले. तिचा उपहास करण्याचा या लेखाचा हेतू नाही.

तथापि मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला येथे एक विसंगती जाणवल्याशिवाय राहत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. म्हणजे ख्रिस्ताची कथा ओवीत उतरून चार शतके होऊन गेली. ख्रिस्ताची वाणी मराठी झाली, त्याचा चेहरा मात्र परदेशीच राहिला. शब्दाला आपण आपल्या मातीत रुजू दिले, आणि चित्र तेवढे बाहेरून मागवत राहिलो.

ज्यांच्या वाट्याला केवळ परकेपणच नव्हे, तर गुलामगिरी आणि अवहेलनाही आली, त्या आफ्रिकी वंशाच्या कलावंतांनी हा चेहऱ्याचा प्रश्न कसा सोडवला, हे पाहणे म्हणूनच आपल्याला उपकारक ठरेल. लंडनच्या टेट या १८९७ साली स्थापन झालेल्या कलासंग्रहालयात अशा तीन कृती आहेत. रोनाल्ड मूडी यांचे ‘योहानान’ हे १९३६ सालचे काष्ठशिल्प, फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे ‘क्रूसारोहण’ हे १९५९ सालचे चित्र आणि ख्रिस ओफिली यांचे ‘नो वूमन, नो क्राय’ हे १९९८ सालचे चित्र. पहिली कृती संग्रहालयाने १९९२ साली विकत घेतली, दुसरी १९९३ साली, तिसरी १९९९ साली. म्हणजे योहानाला दारात छप्पन्न वर्षे थांबावे लागले, क्रूसित ख्रिस्ताला चौतीस, आणि रडणाऱ्या मातेला अवघे एक. सूझा यांचे एक चित्र टेटकडे त्याआधीच, १९६०च्या दशकात आले होते, हेही नोंदवले पाहिजे. तरीसुद्धा हे तीन आकडे शेजारी ठेवले म्हणजे पाहणाऱ्यांची नजर किती सावकाश बदलते याची कल्पना येते.

या यादीत सूझा कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. सूझा गोव्याचे, मुंबईत वाढलेले. आफ्रिकी वंशाशी त्यांचा संबंध नाही. परंतु ब्रिटनमध्ये १९७० आणि १९८०च्या दशकांत ‘ब्लॅक’ हा शब्द केवळ वंशवाचक राहिला नव्हता. कॅरिबियन बेटांतून, आफ्रिकेतून आणि भारतीय उपखंडातून आलेल्या, वर्णामुळे एकाच उंबरठ्याबाहेर उभ्या केल्या गेलेल्या साऱ्यांसाठी तो वापरला जाई. कराचीत जन्मलेले कलावंत रशीद अराईन यांनी १९८९ साली लंडनच्या हेवर्ड गॅलरीत ‘दि अदर स्टोरी’ हे प्रदर्शन भरवले. त्यात आफ्रिकी, कॅरिबियन आणि आशियाई मुळांचे चोवीस कलावंत होते. मूडी आणि सूझा हे दोघेही त्यात होते. लंडनमधील काही समीक्षकांनी या प्रदर्शनाची कुचेष्टा केली. दुसऱ्या बाजूने, मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांनी त्यात सहभागी होण्यास नकार दिला. वर्णावरून कलावंतांचे गट पाडणे त्यांना मान्य नव्हते. हा आक्षेप हलका नाही. कलाकृतीचे मोल तिच्या कर्त्याच्या कातडीवरून ठरू नये, हे कोणीही रसिक मान्य करील. पण जोवर कातडीवरून दार बंद होत होते, तोवर ते दार ठोठावणाऱ्यांनी एकत्र यावे, हेही तितकेच न्याय्य होते. दार उघडल्यावर मात्र प्रत्येक कृती एकेकटीने पाहावी लागते.

तशी ती पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. या तीन कलावंतांनी केवळ गोऱ्या चेहऱ्यावर काळा रंग चढवलेला नाही. काळेपणा हे त्यांच्या निर्मितीचे साधन झाले आहे, आणि प्रत्येकाच्या हातात ते साधन वेगळे आहे. मूडींच्या हाती ते द्रव्य आहे, सूझांच्या हाती रेषा, आणि ओफिलींच्या हाती अंधार.

रोनाल्ड मूडी यांचा जन्म १९०० साली जमैकात झाला. १९२३ साली ते दंतवैद्यकाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला आले आणि दंतवैद्य झालेही. शिकत असताना ब्रिटिश म्युझियममधील प्राचीन इजिप्तच्या शिल्पांपुढे त्यांना आपला खरा मार्ग गवसला. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते लाकूड कोरायला शिकले. त्यांचे थोरले बंधू डॉक्टर हॅरोल्ड मूडी हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. वर्णामुळे रुग्णालयात नोकरी नाकारली गेल्यावर त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला आणि पुढे १९३१ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी संघटना स्थापन केली. एका भावाने अन्यायाला संघटनेने उत्तर दिले, दुसऱ्याने मूर्तीने.

‘योहानान’ म्हणजे संत योहान बाप्तिस्ता. ज्याचा सण गोव्यात सांजाव म्हणून विहिरीत उड्या मारून साजरा होतो, तोच हा योहान. पण मूडींच्या शिल्पात त्याची नेहमीची लक्षणे शोधू जाल तर निराशा होईल. हातात वेताचा क्रूस नाही, जवळ कोकरू नाही, अंगावर उंटाच्या केसांचे वस्त्र नाही. एल्म वृक्षाच्या लाकडातून कोरलेला, सुमारे पाच फूट उंचीचा, भरदार आणि निश्चल देह तेवढा आपल्यासमोर उभा आहे. त्याच्या मुद्रेवरून तो कोणत्या वंशाचा हे सांगता येत नाही. आफ्रिका, इजिप्त आणि पूर्वेकडच्या ध्यानस्थ मूर्ती या सर्वांची आठवण तिच्यात एकवटली आहे. मूडींना भारतीय आणि चिनी तत्त्वचिंतनाची ओढ होती, हे ठाऊक असले म्हणजे त्या शांततेचे नवल वाटत नाही.

या शिल्पाचे सामर्थ्य लाकडात आहे. एल्मच्या अंगच्या रेषा, झाडाची वर्षे मोजणारी ती वलये, योहानाच्या छातीवरून आणि खांद्यांवरून पाण्याच्या लाटांसारखी वाहतात. संगमरवराच्या पांढऱ्या मूर्तीत कलावंत दगडाला त्वचेचा भास देतो. येथे त्वचा म्हणजे लाकूडच आहे, आणि तिचा तपकिरी रंग वरून लावलेला नसून आतून आलेला आहे. अरण्यात ओरडणाऱ्या संदेष्ट्याला मूडींनी मौन दिले आहे. हाक देण्यापूर्वी माणूस जसा श्वास भरून उभा राहतो तसा हा योहान उभा आहे. १९३६ साली युरोपात वंशश्रेष्ठत्वाच्या घोषणा गर्जत होत्या. त्या साली एका कृष्णवर्णीय शिल्पकाराने सर्व वंशांना सामावणारा अग्रदूत कोरला, ही गोष्ट नुसत्या योगायोगाची मानता येत नाही. मूडी १९८४ साली वारले. आपला योहान टेटमध्ये गेलेला त्यांना पाहता आला नाही.

सूझांकडे वळले म्हणजे ही शांतता एकदम भंग पावते. १९२४ साली गोव्यातील साळगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील ते तान्हे असतानाच वारले. आई मुंबईत कपडे शिवून संसार चालवू लागली. मुलाला देवी आल्या तेव्हा तिने संत फ्रान्सिस झेवियरला नवस केला की, मूल वाचले तर त्याला धर्मगुरू करीन. मूल वाचले, ‘न्यूटन’च्या आधी ‘फ्रान्सिस’ हे नाव लागले, पण धर्मगुरू काही झाला नाही. शाळेतून काढले गेले, जे. जे. कलाशाळेतूनही १९४५ साली काढले गेले, आणि १९४७ साली रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. १९४९ साली ते लंडनला गेले. चर्चविषयी त्यांचे म्हणणे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना ओढ लावली ती धर्मसिद्धान्तांनी नव्हे, तर चर्चच्या भव्य वास्तूने, उपासनेच्या थाटाने आणि क्रूसावरील रक्तबंबाळ मूर्तीने.

‘क्रूसारोहण’ हे सुमारे सहा फूट उंचीचे तैलचित्र आहे. त्यातील ख्रिस्ताचा देह काळपट आणि शुष्क आहे. जाड काळ्या रेषांनी तो जणू एकत्र बांधून ठेवला आहे. या रेषांना काटे फुटले आहेत. काट्यांचा मुगुट केवळ मस्तकावर न राहता सर्वांगभर पसरला आहे. चेहऱ्यावर सौंदर्याचा मागमूस नाही. भक्ताला धीर देणारी, पाहताच डोळे निवावेत अशी ही मूर्ती नाही, आणि म्हणूनच पुष्कळांना ती पाहवत नाही. सूझांचे खाजगी जीवन आणि त्यांची इतर काही चित्रे यांविषयी आपल्या समाजात जी नाराजी होती, तिचीही छाया या चित्रावर पडत आली आहे.

पण क्षणभर विचार करावा. उपवासकाळात आपण क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने चालतो आणि यशयाने वर्णिलेला रूपहीन, माणसांनी तोंड फिरवावे असा सेवक आपल्यापुढे वाचला जातो. त्या शब्दांशी प्रामाणिक असे चित्र कोणते? जखमांवरही गुलाबी झाक असणारी आपली छापील तसबीर, की सूझांचा हा काट्यांनी विणलेला माणूस? बातोनींच्या प्रतिमेत ख्रिस्त आपल्याला हृदय दाखवतो, सूझांच्या चित्रात तो आपल्याला लाज वाटायला लावतो. भक्तीला दोन्हींची गरज आहे.

सूझांची काळी रेषा कोठून आली याचा शोध घेणाऱ्याने गोव्याच्या जुन्या चर्चमधील रंगीत काचांकडे पाहावे. तेथे काचेचे तुकडे जोडणारी शिशाची काळी पट्टी असते. प्रकाश काचेतून येतो, पण आकृती उभी राहते ती त्या काळ्या पट्टीमुळे. सूझांनी प्रकाश काढून घेतला आणि पट्टी तेवढी ठेवली. पुढे तर त्यांनी काळ्यावर काळाच रंग चढवून चित्रे केली. १९६६ साली लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत ती मांडली गेली. समोरून पाहिल्यास त्या फळकांवर काहीच दिसत नाही. बाजूला सरून उभे राहिले आणि रंगाच्या जाड उंचवट्यांवर उजेड तिरका पडला, म्हणजे चेहरे उगवतात. चित्र दिसावे यासाठी चित्राने नव्हे, पाहणाऱ्याने जागा बदलायची असते. १९८९ साली अराईन यांनी लंडनच्या रसिकांकडून नेमकी हीच अपेक्षा केली होती.

ख्रिस ओफिली यांचा जन्म १९६८ साली मँचेस्टर येथे नायजेरियन आईवडिलांच्या पोटी झाला. ते कॅथलिक संस्कारांत वाढले. लहानपणी मिस्सेच्या वेळी वेदीसेवकही होते. ‘नो वूमन, नो क्राय’ हे शीर्षक बॉब मार्ले यांच्या प्रसिद्ध गीताचे आहे. सुमारे आठ फूट उंचीच्या या चित्रात एक कृष्णवर्णीय स्त्री डोळे मिटून रडते आहे. तिच्या प्रत्येक अश्रूत एका तरुणाचा लहानसा चेहरा आहे. तो चेहरा स्टीफन लॉरेन्स याचा. २२ एप्रिल १९९३ रोजी आग्नेय लंडनमध्ये बसथांब्याजवळ या अठरा वर्षांच्या मुलाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने केवळ वर्णद्वेषापोटी खून केला. पोलिसांनी तपासात हयगय केली. आई डोरीन लॉरेन्स यांनी मात्र माघार घेतली नाही. १९९९ साली चौकशीचा अहवाल आला, त्यात पोलीस दलात वर्णद्वेष मुरलेला असल्याचे नमूद झाले, आणि २०१२ साली दोघा आरोपींना शिक्षा झाली. खुनापासून शिक्षेपर्यंत एकोणीस वर्षे गेली.

ओफिलींनी या मातेला पवित्र मरिया म्हटलेले नाही. पण सात तलवारींनी विद्ध झालेली व्याकुळ माता ज्याने लहानपणापासून पाहिली आहे, त्याला नाते सांगावे लागत नाही. या चित्रात आक्रोश नाही. रंगांचे बारीक ठिपके, गळ्यातला हार, केसांच्या वेण्या यांतून एक राजस सौंदर्य पाझरते. दुःखाने तिला विद्रूप केलेले नाही. सूझांनी क्रूसितातून सौंदर्य काढून घेतले, ओफिलींनी त्याच्या मातेला ते परत दिले, असे म्हणता येईल. खोलीतले दिवे मालवल्यावर आणखी एक गोष्ट घडते. अंधारात चमकणाऱ्या रंगाने लिहिलेली अक्षरे चित्रावर प्रकटतात. स्टीफनचे नाव, १९७४ आणि १९९३ ही दोन साले, आणि चिरशांतीची प्रार्थना. उजेडात जे दिसत नाही ते अंधार दाखवतो. मृतांसाठी रात्री मेणबत्ती लावणाऱ्या आपल्या लोकांना या कल्पनेचा अर्थ समजावून देण्याची आवश्यकता नाही.

हे चित्र भिंतीवर टांगलेले नसते. ते जमिनीवर, हत्तीच्या लिदेच्या दोन वाळवलेल्या गोळ्यांवर उभे केलेले असते. तिसरा गोळा मातेच्या हारातले पदक झाला आहे. १९९२ साली ओफिली झिंबाब्वेला गेले होते, तेथून त्यांनी हे द्रव्य उचलले. याच द्रव्यामुळे त्यांच्या दुसऱ्या एका चित्रावर मोठे वादळ उठले. ‘दि होली व्हर्जिन मेरी’ हे १९९६ सालचे चित्र १९९९ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये लागले, तेव्हा महापौरांनी संग्रहालयाचे अनुदान रोखण्याची धमकी दिली आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली. त्या चित्रात मरियेभोवती अश्लील मासिकांतून कापलेले तुकडे चिकटवलेले आहेत. त्यांनी श्रद्धावानाचे मन दुखावले तर त्याला असहिष्णू म्हणून हिणवणे योग्य नाही. ते दुखणे खरे आहे, आणि कलावंताचे ते पाऊल मलाही अनाठायी वाटते. लिदेची गोष्ट मात्र निराळी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आपल्या गावठाणांतल्या पिढ्या वाढल्या, त्याच जमिनीवर बसून संध्याकाळची रोझरी झाली. गुराढोरांच्या गोठ्यात जन्मलेल्या देवाला लिदेचा विटाळ होईल असे आपण तरी म्हणू नये.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका वृद्ध कॅथलिक गृहस्थाने संरक्षक पडद्यामागे हात घालून त्या काळ्या मरियेच्या चित्रावर पांढरा रंग फासला. त्याच्या मनात मातेचा अवमान पुसण्याची भावना असेल. परंतु घडले ते असे की, मरियेचा काळा चेहराच पांढऱ्याखाली गेला. रंग लगेच पुसता आला. ते चित्र २०१८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखल झाले. पण भक्तीपोटी चेहरा पांढरा करण्याची ती कृती आपल्याही ओळखीची आहे, हे कबूल केले पाहिजे. आपल्या भाषेत तोंड काळे होते ते लाजेने, मन काळे असते ते कपटाने; आणि विवाहाच्या जाहिरातीत वधू गोरी हवी असते. याच भाषेने सावळा हा शब्द पंढरीच्या दैवतासाठी परम प्रेमाने राखून ठेवला आहे, हेही खरे. सावळ्याला वंद्य मानण्याची शक्ती मराठीत आहे. आपण ख्रिस्ती मराठी माणसांनी ती ख्रिस्ताच्या चेहऱ्यापर्यंत पुरतेपणी नेलेली नाही.

ज्यांनी ती नेली त्यांचे काय झाले? गोव्याच्या सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका यांनी अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यापाशी कलाशिक्षण घेतले. परतल्यावर त्यांनी मरियेला साडी नेसवली, तिला आपल्या बायाबापड्यांचा वर्ण दिला. गोव्यात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात त्यांना आसरा मिळाला, आणि १९६७ साली निधन होईपर्यंत ते रंगवत राहिले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे आहे. सूझा २००२ साली मुंबईतच वारले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. त्यांची चित्रे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातही आहेत. टेटच्या कायम संग्रहाला प्रवेशशुल्क नाही, तेव्हा लंडनला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनी तेथे अवश्य जावे. मात्र प्रत्येक कृती नेहमीच मांडलेली असते असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. ज्यांना तिकडे जाणे नाही त्यांनी पर्वरीला जावे.

वर्णभेदाविरुद्ध चर्चने शब्दांत पुष्कळ सांगितले आहे. लिमा शहरातील एका मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय दासीचा मुलगा मार्टिन दे पोरेस याला पोप तेविसावे योहान यांनी १९६२ साली संतपद दिले. शब्दांइतकीच चित्रेही धर्मशिक्षण देतात, आणि ते लहानपणीच देतात. नाताळच्या सुमारास धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले गोठ्याचे चित्र रंगवतात. खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी खडू असतो, त्याला सारी मुले ‘स्किन कलर’ म्हणतात. वाकोल्यातल्या एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नाही, तरी बाळ येशूसाठी हात त्याच खडूकडे जातो. एखाद्या मुलीने उद्या तपकिरी खडू उचलला, तर शिक्षिकेने तिला थांबवू नये. तिच्या पाठीशी एल्मच्या लाकडातला एक योहान उभा आहे.